आजाराचं पूर्ण नाव

गेली कित्येक वर्षं एक निरोप घरोघरच्या मोबाइलवर फिरतो आहे. 'इमिटिनेफ मर्सिलेट' नावाचं औषध कोणताही ब्लड कॅन्सर बरा करतं, ते चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये फुकट मिळतं, हा निरोप पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल. घरात कुणाला रक्ताचा कर्करोग निघाल्याची बातमी नात्यागोत्यात पोचली की पहिल्या दोन-चार दिवसांत हा निरोप येतोच. मामेभाऊ पाठवतो, शेजारच्या काकू पाठवतात, शाळेतला जुना वर्गमित्र पाठवतो. पाठवणाऱ्यांची माया खरी असते. चेन्नईची संस्थाही खरी आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने 1954 साली ती उभी राहिली आणि गोरगरिबांवरच्या उपचारांसाठी तिचं नाव झालं. औषधसुद्धा खरं आहे, फक्त त्याचं नाव या मोबाइलवरून त्या मोबाइलवर जाताना झिजलं. मूळ नाव इमॅटिनिब मेसिलेट. खोटा आहे तो मुख्यतः 'कोणताही' हा शब्द. कोणताही ब्लड कॅन्सर बरा करणारं औषध आपल्याकडे नाही, असा खुलासा संस्थेला करावा लागला. निरोप जितका फिरला तितका खुलासा फिरला नाही.

इमॅटिनिबची खरी गोष्ट त्या निरोपाहून कितीतरी मोठी आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे बोलण्यातला सीएमएल, या आजारात पेशीतली 9 आणि 22 क्रमांकाची गुणसूत्रं आपले तुकडे एकमेकांशी बदलून बसतात. त्यातून तयार झालेलं आखूड गुणसूत्र 1960 साली अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या संशोधकांना दिसलं, म्हणून त्याला त्या शहराचं नाव मिळालं. या अदलाबदलीतून एक प्रथिन तयार होतं आणि ते पांढऱ्या पेशींना थांबू देत नाही. इमॅटिनिब नेमकं त्या प्रथिनाला अडवतं. 2001 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच्या मुख्य तुलनात्मक चाचणीत इमॅटिनिब मिळालेले सुमारे 83 टक्के रुग्ण 10 वर्षांनंतरही हयात होते. रोजची गोळी घेऊन नोकरी करणारे, शेती करणारे, नातवंडं खेळवणारे सीएमएलचे रुग्ण आज महाराष्ट्रात गावोगाव आहेत. पण ही किल्ली त्या कुलपाचीच. तोच दोष असलेल्या मोजक्या इतर आजारांत ती चालते. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णाला तिचा उपयोग नाही, आणि त्याच्याकडे चेन्नईला जाऊन चौकशी करण्याइतके दिवसही नसतात.

या विषयाचा आढावा घेताना मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. ब्लड कॅन्सरच्या रुग्णाची निव्वळ थापांनी फारशी फसगत होत नाही. त्याला गोत्यात आणतात त्या दुसऱ्या कुणाच्या आजाराबद्दलच्या खऱ्या गोष्टी. 'ब्लड कॅन्सर' हे आजाराचं नावच नाही. ते आडनाव आहे, आणि त्या आडनावाची माणसं एकमेकांपासून फार वेगळी असतात.

ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा ही त्यातली तीन मोठी घराणी. ल्युकेमियात झपाट्याने वाढणारे अक्यूट आणि संथ चालणारे क्रॉनिक, त्यात पुन्हा मायलॉइड आणि लिम्फॉइड. लिम्फोमात हॉजकिन आणि त्याच्या पलीकडचे डझनावारी प्रकार. मायलोमा बहुधा उतारवयात येतो आणि कितीदा तरी आधी कंबरदुखी म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे, नाहीतर क्रिएटिनिन वाढलं म्हणून मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे फिरून मग सापडतो. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या प्रकारात पहिल्या काही दिवसांत रक्तस्रावाने माणूस दगावू शकतो, म्हणून नुसता संशय आला तरी डॉक्टर औषध सुरू करतात. तो धोक्याचा काळ ओलांडला की हाच प्रकार सर्वांत खात्रीने बरा होणाऱ्यांपैकी एक आहे. उलट क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात कित्येक रुग्णांना सुरुवातीची काही वर्षं औषधच देत नाहीत, दर काही महिन्यांनी रक्त तपासतात आणि वाट बघतात. एकाला तासांची घाई, दुसऱ्याला वर्षांची सवड. दोघांनाही घरी मात्र एकच शब्द कळलेला असतो.

त्या शब्दाला आपल्याकडे जो काळोख चिकटला आहे त्यात सिनेमाचाही वाटा आहे. 1971च्या 'आनंद'मधल्या नायकाला आतड्याचा लिम्फोसार्कोमा असतो, म्हणजे आजच्या भाषेत लिम्फोमाच. 1978च्या 'अखियों के झरोखों से'मध्ये सचिनची नायिका ल्युकेमियाने जाते. त्या काळाच्या मानाने या कथा खोट्या नव्हत्या. मुंबईत टाटा रुग्णालयात अस्थिमज्जा प्रत्यारोपण सुरू झालं तेच 1983 साली. पण त्या कथांनी दोन पिढ्यांच्या मनात जो शेवट लिहून ठेवला, तो पुढे औषधं बदलली तरी पुसला गेला नाही. लहान मुलांचा अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया आज श्रीमंत देशांत दहांतल्या नऊ मुलांमध्ये बरा होतो. आपल्याकडच्या चांगल्या केंद्रांतही बहुसंख्य मुलं बरी होतात. गावाकडच्या आजीला हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ती रिपोर्ट ऐकूनच हंबरडा फोडते.

तेव्हा पहिलं काम, पूर्ण नाव मिळवणं. ते एका दिवसात मिळत नाही, आणि या मधल्या दिवसांतच माणसं सर्वांत जास्त भरकटतात. सीबीसी या साध्या रक्ततपासणीत पेशींचा गोंधळ दिसतो. मग कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. इथे मोठा गैरसमज आहे. 'मणक्यातून पाणी काढलं की माणूस कमरेखाली लुळा पडतो' या भीतीने कितीतरी घरं ही तपासणी लांबवतात. मज्जेची तपासणी मणक्यातून करत नाहीत, ती मागच्या बाजूने नितंबाच्या हाडातून करतात. मणक्यातून पाणी काढणं ही वेगळी तपासणी आहे. काही ल्युकेमियांत ती लागते, आणि अनुभवी हातांनी केली तर तिनेही कुणी लुळं पडत नाही. काढलेल्या मज्जेवर मग फ्लो सायटोमेट्री होते, गुणसूत्रांच्या आणि जनुकांच्या चाचण्या होतात. पहिला रिपोर्ट लवकर येतो, जनुकांचे रिपोर्ट यायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे जातात. डॉक्टर 'थांबा' म्हणतात तेव्हा ते टाळत नसतात, ते नावाची शेवटची अक्षरं वाचत असतात. ही अक्षरं महाग असतात, म्हणून ती चाचणी राहू द्या असं पैशाअभावी काही नातेवाईक म्हणतात. शक्य असेल तोवर तसं म्हणू नये. औषध कोणतं द्यायचं हे पुष्कळदा त्या शेवटच्या अक्षरांवरच ठरतं.

नाव हाती आलं की ते कागदावर लिहून घ्यावं. डॉक्टरांना विचारावं: आजाराचं पूर्ण नाव काय, प्रकार आणि उपप्रकार कोणता, उपचाराचा हेतू आजार मुळापासून काढण्याचा आहे की ताब्यात ठेवण्याचा, एकूण किती महिने लागतील, त्यातले किती दवाखान्यात राहून, खर्चाचे मोठे टप्पे कोणते. तरुण रुग्ण असेल तर पुढे मूल होण्याबाबत काय, हेही केमो चढवण्याआधीच विचारावं. वीर्य गोठवून ठेवण्यासारखी सोय तेव्हाच होऊ शकते, आणि लाजेपोटी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी राहून जातो. प्रत्येक रिपोर्टची प्रत घ्यावी. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्यावेत, दुसऱ्या रुग्णालयात त्यांची पुन्हा तपासणी होते. तारखेप्रमाणे लावलेली जाड फाइल बाळगणारा नातेवाईक ओपीडीत कुणाला सांगावा लागत नाही, तो ओळखू येतो.

आता एक अवघड गोष्ट. आपल्याकडे आजाराचं नाव सर्वांत शेवटी ज्याला कळतं तो बहुधा रुग्ण असतो. रिपोर्ट थोरल्या मुलाच्या हातात पडतो आणि तो डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, 'आईला सांगू नका, ती खचेल.' आईला 'रक्त कमी झालंय' एवढं सांगितलं जातं. या लपवालपवीमागे प्रेम आहे हे मी नाकारत नाही, पण तिचा परिणाम वाईट होतो असंच माझं ठाम मत आहे. सीएमएलच्या रुग्णाला गोळी रोज घ्यायची असते, आणि गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत त्याला अगदी ठणठणीत वाटू लागतं. आपल्याला काय झालं आहे हे ज्याला माहीत नाही, तो ठणठणीत वाटल्यावर गोळी का घेईल? केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी असताना ताप आला तर लगेच सांगायचं असतं. आपल्या पेशींचं काय चाललं आहे हे जिला ठाऊक नाही ती आई 'कशाला पोरांची झोपमोड' म्हणून रात्र काढते. आणि बहुतेक रुग्णांना कळलेलंच असतं. वॉर्डाच्या दारावर पाटी असते, शेजारच्या खाटेवरची बाई बोलते. मग आई मुलांपासून लपवते की तिला कळलं आहे आणि मुलं आईपासून लपवतात. एका घरात राहून कुणीच कुणाला धीर देऊ शकत नाही. किती सांगायचं, कधी सांगायचं हे रुग्णाच्या कलाने ठरवता येतं. 'तुला रिपोर्टबद्दल काय काय जाणून घ्यायचं आहे?' एवढं त्यालाच विचारलं तरी पुष्कळ.

मुलांच्या ल्युकेमियात माहितीच्या अभावी एक वेगळाच घात होतो. उपचार सुरू झाल्यावर साधारण महिन्याभरात मज्जेत आजार दिसेनासा होतो. डॉक्टर म्हणतात 'रेमिशन आलं'. पोर खेळू लागतं, जेवू लागतं. बापाची मजुरी बुडालेली असते, गावी पेरणी खोळंबलेली असते. मूल बरं झालं असं समजून कुटुंब घरी जातं आणि परत येत नाही. पुढे आजार उलटतो आणि तेव्हा तो आधीसारखा औषधाला जुमानत नाही. रेमिशन म्हणजे आजार आपल्या चाचण्यांना दिसत नाही इतका कमी झाला, संपला नव्हे. तो संपवायला दोन-अडीच वर्षांचा पूर्ण उपचार लागतो. हे वाक्य पहिल्या दिवशी, मायबोलीत, दोनदा सांगितलं जायला हवं. मग ते सांगणार कोण?

डॉक्टरांनीच सांगावं हे खरं, पण परळच्या टाटा रुग्णालयाच्या ओपीडीत ज्याने सकाळ काढली आहे त्याला तिथलं गणित समजतं. देशभरातून आलेली माणसं पायऱ्यांपर्यंत बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला डॉक्टरांची काही मिनिटंच येतात. रुग्णाने माहितीशिवाय राहू नये यासाठी ब्रिटनमध्ये एक महत्त्वाचा प्रयत्न एका डॉक्टर असलेल्या रुग्ण बाईंनी केला. व्हिकी क्लेमेंट-जोन्स यांना 1982 साली बीजाशयाचा कर्करोग झाला. स्वतः डॉक्टर असून आपल्याला काहीच नीट कळत नाही, मग इतरांचं काय, या विचारातून त्यांनी 1985 साली बॅकअप ही संस्था काढली. साध्या भाषेतल्या पुस्तिका आणि फोनवर बोलायला प्रशिक्षित परिचारिका, एवढंच तिचं भांडवल होतं. व्हिकी 1987 साली गेल्या, पण त्या पुस्तिका मुंबईपर्यंत आल्या. जासकॅप या मुंबईच्या संस्थेने त्यांच्या आधारे भारतीय भाषांत पुस्तिका तयार केल्या आणि त्यात मराठीही आहे. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा, केमोथेरपी अशा एकेका विषयावरची ही पुस्तिका आजाराचं पूर्ण नाव माहीत असणाऱ्याला फार उपयोगी पडते. नाव माहीत नसेल तर मात्र चुकीची पुस्तिका हातात पडते.

कागदापेक्षाही आपल्याकडे माहिती माणसाकडून माणसाकडे जाते. म्हणून रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला मी या साऱ्या व्यवस्थेचा कणा मानतो. एमएसडब्ल्यू झालेली जी ताई तिथे टेबलामागे बसते, तिला कोणती योजना कुणाला लागू होते, कोणता ट्रस्ट कोणत्या महिन्यात मदत देतो, धर्मशाळेत जागा आहे का, हे सारं ठाऊक असतं. पहिल्याच भेटीत तिच्याकडे जावं. पैसे संपल्यावर जाण्याची आपली सवय घातक आहे. तिच्या जोडीला बरे झालेले जुने रुग्ण असतात. वंदना गुप्ता यांना स्वतःला लिम्फोमा झाला होता. त्यातून उठल्यावर त्यांनी 1994 साली मुंबईत व्ही केअर फाउंडेशन सुरू केलं. ज्यांनी आजार स्वतः किंवा घरात भोगला आहे असे स्वयंसेवक नव्या रुग्णांशी बोलतात. केस गेलेल्या बाईला, केस परत येतात हे केस परत आलेल्या बाईने सांगितलं की ते जसं पटतं तसं डॉक्टरांनी सांगूनही पटत नाही. मात्र जुन्या रुग्णाकडून धीर घ्यावा, औषधाचं नाव घेऊ नये. त्याचं पूर्ण नाव वेगळं असू शकतं.

दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान, ही समजूत सोडून द्यायला हवी. चांगले डॉक्टर स्वतःच ते सुचवतात. त्यासाठी आज प्रत्येकाने परळ गाठायला हवं असंही नाही. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने 2012 साली नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिलं आणि देशभरातली कर्करोग केंद्रं त्यात जोडली गेली. त्याच्याशी निगडित 'नव्य' या सेवेतून घरबसल्या रिपोर्ट पाठवून तज्ज्ञांचं लेखी मत मागवता येतं. ते मत घेऊन उपचार जवळच्या केंद्रात करता येतात. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरची केंद्रं, गोव्यातलं बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईत बोरिवलीला महापालिकेने मुलांच्या रक्तविकारांसाठी आणि प्रत्यारोपणासाठी उभारलेलं केंद्र, ही नावं कमी घेतली जातात. पहिली केमो कुठे घ्यायची हा निर्णय मोठ्या केंद्राला विचारून, पण तापाला रात्री धावता येईल असं रुग्णालय जवळचं, अशी सांगड घालावी लागते.

टाटा रुग्णालयाचा आणि रक्ताच्या कर्करोगाचा संबंध फार जुना आहे, आणि तो या विषयात आठवावासा वाटतो. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई 1931 साली ब्रिटनमध्ये ल्युकेमियाने गेल्या. त्या काळी पैशाने मिळेल ते सारं मिळण्याची ऐपत असलेल्या घराला कुणी औषध देऊ शकलं नाही, कारण औषध नव्हतंच. दोराबजींनी त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास केला, 1932 साली ते स्वतःही गेले, आणि त्यांच्या न्यासाने 1941 साली परळला कर्करोगाचं रुग्णालय उघडलं. जमशेटजी टाटांच्या या सुनेला जे मिळू शकलं नाही ते आज बीडच्या ऊसतोड मजुराच्या मुलाला मिळू शकतं. ते त्याच्यापर्यंत पोचतं का, हा प्रश्न उरला आहे.

आता झाडपाल्याकडे वळू, कारण अर्धसत्याची सर्वांत मोठी पेठ तिथे आहे. आपल्या अंगणातली सदाफुली कर्करोगावर चालते असं सांगणारा खोटं बोलत नसतो. ल्युकेमिया आणि लिम्फोमात रोज वापरलं जाणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषध सदाफुलीतूनच मिळालं. पण शेकडो किलो पानांतून जेमतेम ग्रॅमभर निघणारं ते द्रव्य शरीराच्या मापाने, मिलिग्रॅममध्ये, शिरेतून देतात. जास्त झालं तर नसा मारतं. अंगणातली चार पानं चावून त्यातलं काय, किती पोटात गेलं हे कुणीही सांगू शकत नाही. सोमलाचंही, म्हणजे आर्सेनिकचंही, तसंच. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियावर आर्सेनिक चालतं हे चीनमधल्या डॉक्टरांनी दाखवलं, आणि आज जगभर ते या एका प्रकाराचं मुख्य औषध आहे. 'बघा, आमचा सोमल!' म्हणून कुणी पुडी पुढे करील, तर त्याला आजाराचा उपप्रकार विचारावा आणि हृदयाचा आलेख कधी काढणार तेही विचारावं, कारण आर्सेनिक देताना तो वारंवार बघावा लागतो. गुळवेल निरुपद्रवी मानली जाते. 2021 साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी ती घेतलेल्या सहा जणांत यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, वाद झाला. पण केमोने आधीच थकलेल्या यकृतावर असा वादाचा भार टाकायला कोणताही शहाणा माणूस तयार होणार नाही. कर्नाटकात शिमोग्याकडे झाडाच्या सालीच्या औषधासाठी गाड्या करून जाणाऱ्यांवर मी रागावत नाही. ते तिथे जातात कारण तिथे कुणीतरी 'बरं होईल' असं त्यांच्याशी तोंड भरून बोलतं. आमच्या रुग्णालयांनी यातून शिकावं. निदान डॉक्टरांना न सांगता काहीही घेऊ नये, आणि डॉक्टरांनी ते ऐकून खेकसू नये.

अमेरिकेतला भाचा लेख पाठवतो, तोही याच जातीचा प्रश्न. लेख खराच असतो. कार-टी पेशींचं उदाहरण घ्या. रुग्णाच्याच टी पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत देण्याचा हा उपचार परदेशात काही कोटी रुपयांचा आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनातून नेक्सकार19 हा भारतीय उपचार तयार झाला. ऑक्टोबर 2023मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते मुंबईत त्याचं लोकार्पण झालं. खर्च परदेशाच्या सुमारे एक दशांश. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण तो बी पेशींच्या काही लिम्फोमा आणि ल्युकेमियांसाठी, तेही नेहमीचे उपचार हरल्यावर किंवा आजार उलटल्यावर. बातमी वाचून मायलोमाच्या आजोबांसाठी जमीन विकायला निघणाऱ्या मुलाला हे आधी कळायला हवं.

पैशाची माहिती थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता शिधापत्रिकेच्या रंगाची अट न ठेवता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्र बसतो, आणि कागद उपचार सुरू होण्याआधी करायचे असतात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचं बंधन आहे. हा हक्क आहे, तो मागताना मान खाली घालू नये. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री एसी डब्यात भाडं लागत नाही, सोबत्यालाही सवलत मिळते.

रक्ताबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे नातेवाइकांची धावपळ सर्वांत जीवघेणी असते. केमोनंतर रक्तपेशींचे काउंट पडतात आणि प्लेटलेट लागतात. त्या पाचच दिवस टिकतात, म्हणून साठवून ठेवता येत नाहीत. रुग्णालय 'एसडीपीला दाता आणा' म्हणतं. एसडीपी म्हणजे एकाच दात्याच्या रक्तातून यंत्राने फक्त प्लेटलेट वेगळ्या काढणं. तासा-दीड तासाचं काम, बाकीचं रक्त त्याच्याच शरीरात परत जातं. घरच्यांना वाटतं आपणच द्यावं. भाऊ बाही वर करून उभा राहतो. पण पुढे प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर सख्ख्या नात्यातलं रक्त किंवा प्लेटलेट घेऊ नयेत. शरीर त्या भावाच्या पेशींविरुद्ध आधीच तयार होऊन बसतं आणि उद्या त्याचीच मज्जा नाकारू शकतं. प्लेटलेट मित्रांनी, सहकाऱ्यांनी, गणेश मंडळाच्या पोरांनी द्याव्यात. भावाला राखून ठेवावं.

तो भाऊही जुळेलच असं नाही. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाची पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात जुळलं नाही तर अनोळखी दाता शोधावा लागतो, आणि जुळणी बहुधा आपल्याच वंशसमूहात सापडते. ब्रिटन-अमेरिकेतल्या मोठ्या नोंदवह्यांत गोरे दाते जास्त, त्यामुळे न्यू जर्सीत आजारी पडलेल्या मराठी मुलीलाही दाता कदाचित सांगली-साताऱ्यातच सापडायचा. दात्री ही संस्था चेन्नईत 2009 पासून, बेंगळुरूत डीकेएमएस फाउंडेशन इंडिया आणि मुंबईतली मज्जादात्यांची नोंदवही हे काम करतात. नोंदणीला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नमुना देतात, बस. पुढे कधी जुळलंच, तर बहुतेक वेळा हाताच्या शिरेतूनच पेशी काढतात.

ताप. पेशी कमी असताना 100.4 अंश फॅरेनहाइट ताप म्हणजे तातडी. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं आणि दारातच सांगायचं, 'केमो चालू आहे, काउंट कमी आहेत.' पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक गेलं की जीव वाचतो. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं, शेजाऱ्यालाही.

आधार म्हणजे काय याचा विचार करताना मला भाषणं आठवत नाहीत, जागा आठवतात. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती. मुलांसाठी 2006 पासून मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड केंद्रं, जिथे एकेका कुटुंबाला स्वच्छ जागा आणि स्वतःचा स्वयंपाक करायची सोय मिळते. भाकरी आपल्या हातची, शेजारी त्याच वाटेवरचं दुसरं कुटुंब. राहायला अशी जागा असली की उपचार मध्येच सुटण्याचा धोका कमी होतो. औषधाइतकीच ती जागा काम करते. टाटा रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळा दवाखाना चालतो, आणि बालपणीच्या कर्करोगातून उठलेल्या तरुणांचा 'उगम' हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केला. नुकतंच निदान झालेल्या मुलाच्या आईबापांना या तरुणांपैकी एक जरी दाखवला, तरी पुस्तिकेच्या दहा पानांचं काम होतं.

सीएमएलच्या रुग्णांचा इतिहास यात वेगळा आहे. मूळ कंपनीचं इमॅटिनिब महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होतं, तर भारतीय कंपन्यांचं आठ-दहा हजारांत मिळत होतं. 1969 साली मुंबईत स्थापन झालेली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन कंपनीच्या पेटंटविरुद्ध उभी राहिली आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. त्याच काळात मॅक्स फाउंडेशन कंपनीकडूनच मिळालेलं औषध हजारो रुग्णांना मोफत पोचवत होतं. त्यातून फ्रेंड्स ऑफ मॅक्स हा रुग्णांचा गट उभा राहिला, गावोगावी भेटी आणि मेळावे होऊ लागले. दोन संस्था दोन वाटांनी गेल्या, रुग्णाला दोन्हींचा उपयोग झाला. यातून माहिती पारखायची एक कसोटी मिळते. सांगणारा कुणाच्या पैशावर सांगतो आहे, ते त्याने उघड करायला हवं. उघड केलं असेल तर ऐकावं, लपवलं असेल तर दूर राहावं.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक रक्तविकार आणि कर्करोग विभागाला माझी एक विनंती आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर, देवनागरीत, ठळक अक्षरांत चार ओळी लिहून द्या: आजाराचं पूर्ण नाव, उपचाराचा हेतू, एकूण कालावधी, आणि ताप आल्यावर कोणत्या नंबरवर फोन करायचा. तुमच्या घरात आज कुणाचा रिपोर्ट आला असेल, तर डॉक्टरांसमोरून उठण्याआधी हे पान मागून घ्या.